सायकलवरून ऑफिसला जायचंय? बॅग घेण्याआधी बादली काढा

मी पुण्यात कर्वेनगरहून शिवाजीनगरला सायकलने ऑफिसला जाते. एका बाजूने सहा-सात किलोमीटर. सुरुवात केली तेव्हा सायकल कोणती घ्यावी यावर घरीदारी सगळ्यांनी तासतासभर सल्ले दिले, बॅगेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मग मी दुकानात गेले आणि ढीगभर कप्पे असलेली, छान दिसणारी ३५ लिटरची सॅक उचलून आणली. ती आता माळ्यावर असते, दिवाळीत गावाला जाताना खाली उतरते. दुसरी बॅग कॅरिअरला अडकवायची होती, तिची गत पुढे सांगतेच. तिसरी मात्र चार वर्षं टिकून आहे. ती घेताना जे ज्या क्रमाने केलं, ते त्याच क्रमाने सांगते.

सामान मोजा, बॅग नंतर बघा

एखाद्या सोमवारी रात्री, दुसऱ्या दिवशी न्यायचं सगळं सामान जमिनीवर मांडा. खरंच जे नेता ते. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि एकेक वस्तू तोला. माझा हिशेब असा निघाला: लॅपटॉप १.६ किलो, चार्जर ३५० ग्रॅम, भरलेला स्टीलचा डबा १.१ किलो, पाण्याची भरलेली बाटली जवळपास तेवढीच (१.०५ किलो), बदलायचे कपडे आणि पंचा ६०० ग्रॅम, रेनकोट अर्धा किलो, आणि पाकीट, किल्ल्या, पंप, पंक्चरचं सामान वगैरे किरकोळ मिळून ६००. एकूण ५.८ किलो. त्यात रिकाम्या सॅकचे ८००-९०० ग्रॅम धरा. मला वाटत होतं मी 'दोन-तीन किलो' नेते.

आता यातलं काय पाठीवर यायची गरजच नाही ते बघा. बाटली सायकलच्या दांड्यावर होल्डरमध्ये बसते. दुसरा चार्जर ऑफिसच्या खणात राहू शकतो. झाले १.४ किलो कमी. आठवड्याचे कपडे सोमवारी एकदम नेऊन ठेवले तर आणखी ६०० ग्रॅम. म्हणजे बॅगेवर एक रुपयाही खर्च न करता दोन किलो उतरले.

वजन झालं, आता आकार. बॅगेवर 'इतके लिटर' असं लिहिलेलं असतं आणि २० लिटर म्हणजे नक्की किती हे कुणालाच डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी न्हाणीघरातली बादली कोरडी करून घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीच्या बुडावर बहुतेक वेळा तिची क्षमता छापलेली असते, १६, १८, २० अशी. लॅपटॉप सोडून बाकी सगळं सामान त्यात रचा. किती भरली बघा आणि लॅपटॉपचे अंदाजे तीन-चार लिटर वर धरा. रोजच्या ऑफिसला बहुतेकांचं उत्तर १८ ते २२ लिटरच्या मध्ये येतं. पस्तीस लिटरची सॅक घेतली की काय होतं ते मी पाहिलंय: रिकामी जागा दिसली की छत्री, पुस्तक, परत द्यायचा शेजारणीचा डबा, सगळं आत जातं आणि आठवडाभर तिथेच मुक्काम करतं. शिवाय अर्धवट भरलेल्या बॅगेत सामान गदागदा हलतं, ते वेगळंच.

वजन पाठीवर की सायकलवर?

खरा निर्णय हा. ब्रँड, रंग, कप्पे हे सगळं याच्या नंतर.

शाळेच्या दप्तराबद्दल केंद्र सरकारचं २०२० चं धोरण सांगतं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ते शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहे. सायकलवर आपण पुढे वाकतो आणि तेच वजन मान, खांदे आणि मनगटांवर येतं, त्यामुळे मी स्वतःला त्याहून कमीच देते. माझा अनुभव असा: चार किलोपर्यंत आणि अर्ध्या तासापर्यंत सॅक ठीक. त्यापलीकडे वजन सायकलवर टाका. आणि घाम जास्त येत असेल तर चार किलोच्या आतही टाका, कारण पाठीमागे कितीही जाळी आणि पन्हळी दिलेली असो, एप्रिल-मे मध्ये पाठीवर सॅकच्या आकाराचा ओला ठसा उमटतोच. 'हवा खेळती ठेवणारी पाठ' या जाहिरातीवर मी तरी पैसे घालवणार नाही.

दुसरा प्रश्न: सायकल उभी केल्यावर बॅगेचं काय होतं? ऑफिसच्या खालीच सायकल लावून लिफ्टने वर जाणार असाल तर कॅरिअरला अडकवायची बॅग, म्हणजे पॅनियर, उत्तम. पण स्टेशनपर्यंत सायकल, मग लोकल, मग पुन्हा पंधरा मिनिटं चाल असा प्रवास असेल तर पॅनियर हातात धरून कुठे फिरणार? तिच्या मागचे अडकवायचे आकडे शेजारच्याच्या बरगडीत घुसतात. माझा भाऊ डोंबिवलीचा. तो स्टेशनपर्यंत सायकलने जातो. त्याने कॅरिअरवर दुधाच्या पिशव्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट पक्का बांधलाय. सॅक त्यात टाकायची, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून अडकवायची, स्टेशनवर सॅक उचलायची आणि पोटावर घेऊन गाडीत शिरायचं. दिसायला गावठी, पण मिश्र प्रवासाला याहून चांगला तोडगा मला अजून सापडलेला नाही. नवीन माणसाने तर पहिले पंधरा दिवस घरातली जुनी सॅक अशीच बांधून न्यावी, म्हणजे आपल्याला खरंच काय हवंय ते कळतं.

एका खांद्याच्या बॅगा, शबनम वगैरे दोन किलोमीटरच्या आतच. पेडल मारताना त्या हळूहळू सरकत पुढे येतात आणि गुडघ्याला आपटायला लागतात. छातीवरून जाणारा जास्तीचा पट्टा असलेली मेसेंजर बॅग बरी, पण वजन शेवटी एकाच खांद्यावर.

सॅक घेणार असाल तर

लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या अगदी तळापर्यंत जातो का, हे सगळ्यात आधी बघा. हात आत घालून बोटांनी चाचपा. कप्पा तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर संपला पाहिजे, म्हणजे लॅपटॉप अधांतरी लटकतो. तसं नसेल तर बॅग जमिनीवर टेकवताना प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज येईल, आणि तो आवाज लॅपटॉपच्या कोपऱ्याचा असेल. १५.६ इंच हे पडद्याच्या तिरक्या मापाचं नाव आहे, त्यामुळे लेबलावर विसंबू नका, स्वतःचा लॅपटॉप घालून बघा.

दुसरं, हेल्मेट घालून सॅक पाठीवर घ्या आणि सायकलवर बसल्यासारखं वाका. आता मान वर करून समोर बघा. हेल्मेटची मागची कड सॅकला धडकली तर ती सॅक तुमच्यासाठी उंच आहे. मग उजव्या खांद्यावरून मागे वळून बघा. आपल्याकडे गाड्या मागून उजवीकडून येतात, त्यामुळे ही हालचाल दिवसातून शंभर वेळा करावी लागते. ती अडत असेल तर सोडून द्या.

छातीवरचा पट्टा हवाच, नाहीतर वाकल्यावर बंद खांद्यावरून घसरतात. कमरेचा पट्टा असला तर बरा, पण त्याची लोंबणारी टोकं चाकाच्या तारांपासून लांब राहतील अशी गुंडाळून रबराने बांधा. कापू नका, थंडीत जाकिटावरून सॅक घालताना तीच लांबी लागते.

पॅनियर घेणार असाल तर

इथे जरा थांबते, कारण नवीन माणूस इथेच पैसे वाया घालवतो आणि मीही घालवले.

बॅग बघण्याआधी कॅरिअर बघा. जुन्या काळ्या सायकलींना जाड सळईचं कॅरिअर असायचंच. हल्लीच्या गिअरच्या सायकलींना बऱ्याचदा नसतं. मागच्या ॲक्सलजवळ आणि सीटच्या खाली फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का बघा. असतील तर कॅरिअर चारही पायांवर पक्कं बसतं. नुसतं सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर पाच-सहा किलोला डावी-उजवीकडे फिरायला लागतं. कॅरिअरवर भाराची मर्यादा कोरलेली असते, २५ किलो वगैरे, तीही वाचा. नंतर कॅरिअरच्या सळईची जाडी मोजा. शिंप्याच्या टेपऐवजी व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर उत्तम, नाहीतर सायकलवाल्याला विचारा.

कारण पॅनियरचे आकडे साधारण १६ मिलिमीटर जाडीच्या सळईपर्यंत बसतील असे असतात आणि बारीक सळईसाठी पाकिटात प्लॅस्टिकचे छोटे तुकडे देतात, आकड्याच्या आत बसवायला. माझं कॅरिअर १० मिलिमीटरचं. ते तुकडे मला कचरा वाटले, मी टाकून दिले. दोन आठवडे बॅग नुसतीच खडखडली. तिसऱ्या आठवड्यात म्हात्रे पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक गेलं, आकडा सळईवरून उडाला आणि बॅग रस्त्यावर. मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून ती वाचली. आतली आमटी वाचली नाही. झाकण उघडून ती लॅपटॉपच्या पिशवीपर्यंत पोचली होती, आणि महिनाभर त्या बॅगेतून गोड्या मसाल्याचा वास येत होता. दोष बॅगेचा नव्हता, पण ती मी पुन्हा वापरली नाही.

तर, आकडा सळईवर बसवल्यावर बॅग दोन्ही हातांनी वर ओढा. आकड्याचं कुलूप सोडल्याशिवाय ती निघता कामा नये. बॅगेच्या खालच्या भागातही एक आकडा किंवा लवचीक पट्टा असतो, तो कॅरिअरच्या पायात अडकला पाहिजे, नाहीतर वळणावर बॅग बाहेर झुलते.

मग टाच. सायकल कुणालातरी धरायला सांगून सीटवर बसा आणि पेडल उलटं फिरवा. पाय सगळ्यात मागे असताना टाच आणि बॅग यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. नसेल तर बॅग कॅरिअरवर मागे सरकवा. तरी लागत असेल तर खालचा कोपरा तिरका कापलेली, म्हणजे टाचेसाठी जागा सोडलेली बॅग शोधा. हे दुकानात कळत नाही, सायकल घेऊनच जावं लागतं.

एकच पॅनियर लावणार असाल तर कुठल्या बाजूला? डावीकडे. वाहनं उजवीकडून जातात, आणि साखळी व गिअरही उजवीकडे, त्यामुळे डावीकडची बॅग धक्क्यापासून आणि ग्रीसपासून लांब राहते. गंमत अशी की साइड स्टँडही डावीकडेच असतो. पाच किलोची बॅग डावीकडे लटकत असताना साइड स्टँड लावला की सायकल सावकाश, अगदी सभ्यपणे, जमिनीवर झोपते. म्हणून आधी बॅग काढायची, मग स्टँड. किंवा सायकलला डबल स्टँड लावून घ्यायचा, मी शेवटी तेच केलं.

मागचा लाल लाइट सीटच्या दांड्याला असेल तर भरलेली बॅग त्याला झाकते. लाइट कॅरिअरच्या शेपटाला हलवा.

कापड, चेन, शिवण

लेबलावर '६००डी' किंवा '१०००डी' लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. ६०० डेनियरचा पॉलिएस्टर रोजच्या वापराला पुरतो. त्याच जाडीचं नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, उन्हात मात्र पॉलिएस्टरचा रंग जास्त टिकतो. नुसता आकडा मोठा म्हणून भुलू नका. जाड कापड जड असतं, आणि बॅग फाटते ती कापडात नाही, पट्टा जिथे शिवलाय तिथे. खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक उलटून बघा. तिथे चौकोनात फुली मारल्यासारखी दाट शिवण किंवा पुन्हा पुन्हा मारलेले आडवे टाके असले पाहिजेत. एकेरी सरळ टाका दिसला तर बॅग खाली ठेवा.

आतल्या बाजूला अंगठा घासा. पाणी अडवण्यासाठी आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की तो चिकट होतो, खपल्या निघतात. मुंबई-कोकणात माळ्यावर ठेवलेल्या बॅगा अशाच जातात. सवलतीच्या दरातली जुनी बॅग घेताना ही परीक्षा नक्की करा.

आता चेन. (आपण झिपलाही चेन म्हणतो आणि सायकलच्या साखळीलाही; इथे चेन म्हणजे झिप.) मुख्य कप्प्याची चेन निदान ८ नंबरची हवी. हा नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी, आणि तो बऱ्याचदा रनरच्या मागे कोरलेला असतो. जपानची वायकेके कंपनी १९३४ पासून चेनच्या धंद्यात आहे आणि तिची चेन चांगली असते, पण ती तीन अक्षरं नकली रनरवरही कोरता येतात. त्यामुळे बॅग ठासून भरा आणि कोपऱ्यावरून चेन एका हाताने ओढा. अडखळली तर पुढे अडखळतच राहील.

पाऊस

पुण्या-मुंबईत बॅगेची खरी परीक्षा जूनमध्ये. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे शिंतोडे सोसेल इतकंच. कापड पाणी अडवतं, पण सुईने पाडलेली हजारो भोकं आणि चेन अडवत नाहीत.

रेनकव्हर असलं की झालं, असं मलाही वाटायचं. पहिल्याच मोठ्या पावसात कळलं की पाणी पाठीवरून ओघळून पाठ आणि सॅक यांच्या मधून आत जातं, कारण ती बाजू उघडीच असते. आणि आत गेलेलं पाणी रेनकव्हरच्या तळाशी झोळीसारखं साचतं. माझी सॅक त्या झोळीत पंचवीस मिनिटं भिजत बसली होती. लॅपटॉप वाचला, चार्जर गेला. रेनकव्हर घ्यायचंच असेल तर तळाला पाणी जायला भोक असलेलं घ्या, आणि रंग भडक पोपटी किंवा नारिंगी.

पक्का उपाय दोन. एक स्वस्त: बॅगेच्या आत जाड, वळवून बंद करता येणारी जलरोधक पिशवी, आणि लॅपटॉप तिच्यात. बाहेरची बॅग भिजली तर भिजू दे. दुसरा महाग: तोंड गुंडाळून बंद करायची, शिवणीऐवजी उष्णतेने सांधे जोडलेली बॅग. जर्मनीतल्या हार्टमुट ऑर्टलीबला ही कल्पना सायकलवर पावसात भिजताना मालट्रकच्या ताडपत्रीकडे बघून सुचली, आणि १९८२ मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली. या परदेशी बॅगांची जोडी आपल्याकडे पाच आकडी रकमेला पडते. तोंड तीन-चार वेळा गुंडाळलं तरच त्या पाणी अडवतात, म्हणजे लेबलावर लिहिलेले सगळे लिटर वापरता येत नाहीत. ठासून भरून एकच घडी मारली तर ती साधी पिशवीच.

आणि मागचं मडगार्ड लावा. पावसात बॅगेवर वरून पडतं त्यापेक्षा जास्त पाणी चाकाकडून उडतं, तेही चिखलासकट.

सायकल नसेल त्या दिवशी

तीच बॅग मेट्रोच्या स्कॅनरमधून जाणार, एसटीच्या रॅकवर चढणार, लोकलमध्ये छातीवर येणार. लोकलसाठी जाडी महत्त्वाची: भरल्यावर २० सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगणारी बॅग गर्दीत एका माणसाची जागा खाते, आणि तो माणूस तुम्हाला तसं सांगतोही. पाकीट-मोबाइल बाहेरच्या कप्प्यात नको. पाठीला टेकणाऱ्या बाजूला चोरकप्पा असेल तर तिथे. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते, रोजची सॅक त्यात आरामात बसते.

दुकानात जाताना

सगळं सामान, हेल्मेट आणि डबासुद्धा बरोबर न्या. डबा आडवा न होता उभा बसतो का बघा. डब्यासाठी तळाशी वेगळा, धुता येणारा कप्पा असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. कप्पे मोजू नका. बकल तुटलं तर सुटं मिळेल का, आणि वॉरंटीत चेन धरली आहे का, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

घरी आणल्यावर पहिली फेरी रविवारी सकाळी मारा, पूर्ण सामानासह, आणि मुद्दाम दोन-चार गतिरोधक घ्या. कुठे खडखडतं, काय सरकतं, ते सोमवारच्या गर्दीत कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

बॅग मशीनमध्ये धुऊ नका, आतला थर निघतो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आणि सगळ्या चेन उघड्या टाकून सावलीत उलटी टांगा. पावसाळ्यात तर रोज रात्री उघडून ठेवा. चेन जड जायला लागली तर दातांवरून मेणबत्ती घासा. रनर पुढे जातो पण मागची चेन उघडीच राहते, असं झालं तर दात बहुधा ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही मागच्या कडा अगदी हलक्या दाबा. तरी जमलं नाही तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि त्याने अख्खी चेन बदलावी लागेल असं सांगितलं तर आधी नुसता रनर बदलून बघायला सांगा.